समृद्ध यमक: ओळ शेवटाकडून मागे वाचायला शिका

दर महिन्याला आमच्याकडे पाच-सात जण कविता घेऊन बसतात. पैकी निम्म्या तरी कवितांत एकच घोटाळा असतो. ‘जातो’ खाली ‘रडतो’, ‘आठवते’ खाली ‘जळते’, आणि लिहिणाऱ्याची खात्री की यमक जुळलं. जुळलेला असतो फक्त क्रियापदाचा प्रत्यय, आणि तो मराठीत फुकट मिळतो. दुसऱ्या टोकाला ‘समृद्ध यमक’ हा शब्द कुठंतरी वाचलेले लोक असतात. ते ‘आकाश’ला ‘आकाश’च लावतात आणि सगळी अक्षरं जुळली म्हणून खूश होतात.

समृद्ध यमकात दोन गोष्टी एकदम लागतात. शेवटच्या स्वराच्या आधीचाही आवाज जुळायला हवा, आणि त्या जुळलेल्या आवाजात अर्थ वेगळा हवा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त केलेली यमकाची व्याख्याही हीच आहे: वर्ण त्याच क्रमाने पुन्हा ऐकू यावेत, आणि अर्थ असेल तर तो निराळा असावा. म्हणजे जुन्या हिशेबाने यमक हे मुळात समृद्धच. शेवटचं अक्षर जुळलं की यमक झालं, ही सवलत आपण नंतर घेतली.

तयारी

वही, पेन्सिल आणि आवाज रेकॉर्ड होणारा फोन, एवढं पुरे. यमक सुचवणारी संकेतस्थळं सुरुवातीला बंद ठेवा. ती लिपी बघतात, कान नाही, आणि पुढच्या चुकांतल्या निम्म्या तिथूनच येतात.

कवितेचा घाटही आधी ठरवा. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांची मांडणी असते आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात येतं, तेव्हा दोनच शब्द लागतात. गझलेत एकाच यमकाचे सहा, आठ, दहा शब्द लागतात. दोन शब्दांची जोडी कितीही श्रीमंत चालते. दहा शब्दांना तोच नियम लावला तर चौथ्या शेराला कोश चाळत बसाल.

१. शब्द उच्चारानुसार लिहा

शब्द घ्या, मोठ्याने म्हणा, आणि जो ऐकू येतो तो लिहा. ‘घर’चा उच्चार ‘घर्’ होतो, शेवटचा अ गळतो. म्हणून तिथं यमक ‘अर्’चं आहे, नुसत्या ‘र’चं नाही. ‘घर’ आणि ‘दूर’ यांत ‘र’ सारखा दिसतो, पण आधीचा स्वर वेगळा असल्यामुळे कानाला काही लागत नाही.

इथं चार सापळे आहेत.

पहिला च-ज यांचा. ‘चारा’ (गुरांचा) आणि ‘विचारा’ कागदावर ‘चारा’ला ‘चारा’ आहेत, याहून श्रीमंत काय असणार! पण गुरांच्या चाऱ्यातला च दाताजवळचा आणि ‘विचारा’तला टाळूचा. लिपी एक, आवाज दोन. अशी जोडी वापरू नका असं नाही, पण ती कानाची नसून डोळ्याची आहे हे माहीत असू द्या.

दुसरा महाप्राणाचा. हिंदीत ‘हाथ’ आणि ‘साथ’ बिनतोड जुळतात. गाणी ऐकून ती जोडी आपल्या अंगवळणी पडली आहे, आणि मराठीत लिहिताना आपण ‘हात’ला ‘साथ’ जोडून मोकळे होतो. त आणि थ वेगळे आहेत.

तिसरा ल-ळ आणि न-ण यांचा. ‘काल’ला ‘काळ’ लावलं तर ते अर्धवट जुळतं. मुद्दाम केलं असेल तर ठीक.

चौथा बोलीचा. ‘केलं’ आणि ‘केले’ एकाच कवितेत मिसळू नका. पहिल्या ओळीत ‘खरं’ लिहून यमकासाठी दुसऱ्या ओळीत ‘घरे’ आणलं की वाचणाऱ्याला अडखळल्याशिवाय राहत नाही.

उलट, लिपीत वेगळे दिसणारे काही शब्द कानाला एकच असतात. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’. हे समृद्ध यमकाचं खरं धन. सातव्या टप्प्यात त्यांच्यातला धोका सांगतो.

तपासणी: दोन्ही शब्द डोळे मिटून म्हणा. आवाज कुठून सारखा व्हायला लागतो, तिथं पेन्सिलीने रेघ मारा.

२. उजवीकडून डावीकडे मोजा

आता रेघेपासून शेवटापर्यंत किती आवाज जुळले ते बघा. ‘नोकरी’ घेऊन पायऱ्या करू.

‘नोकरी – अपुरी’: फक्त ‘री’ जुळली, आधीचा स्वर वेगळा. काठावर पास.

‘नोकरी – लॉटरी’: आधीचा अ जुळला, ‘अरी’ झालं. पुरेसं. गझलेतल्या ‘अलामती’चा, म्हणजे यमकाच्या अक्षराआधीच्या स्वराचा, आग्रह इथपर्यंतच असतो.

‘नोकरी – भाकरी’: त्या स्वराआधीचं व्यंजन क, तेही जुळलं. इथून समृद्धी सुरू होते. फ्रेंच छंदशास्त्रात या व्यंजनाला ‘आधाराचं व्यंजन’ म्हणतात. मला हे नाव आवडतं, कारण अख्खी जोडी खरोखरच त्यावर उभी असते.

‘नोकरी – छोकरी’: आणखी मागचा ओ पण आला.

व्यंजनान्त शब्दांनाही हेच माप. ‘आधार’ला ‘बाजार’ पुरेसा, ‘उधार’ समृद्ध.

फ्रेंच लोक एक आवाज जुळला तर गरीब, दोन जुळले तर पुरेसं, तीन किंवा जास्त जुळले तर समृद्ध असं सरळ मोजतात. मराठीत जशीच्या तशी ही मोजणी लावली तर ‘अरी’सुद्धा समृद्ध ठरेल. आपल्याकडे स्वरान्त शब्द इतके आहेत की ते माप ढिलं पडतं. म्हणून मी आधाराच्या व्यंजनावर अडून बसतो.

३. प्रत्यय सोलून बघा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळेच जण हाच गाळतात. दोन्ही शब्दांवरून सारखा प्रत्यय काढून टाका. उरलेलं जुळतं का?

‘बोलतो – तोलतो’: ‘तो’ काढला, ‘बोल – तोल’ उरलं. जुळतं. घ्या.

‘बोलतो – चालतो’: ‘बोल – चाल’. स्वर वेगळा, पण ल सारखा आहे. कामचलाऊ.

‘बोलतो – धावतो’: काहीच उरलं नाही. टाकून द्या.

‘-णारा’, ‘-लेला’, ‘-पणा’, ‘-साठी’, ‘-मध्ये’, ‘-ता’ यांनाही हीच कसोटी. ‘एकटेपणा’ आणि ‘वेगळेपणा’ यांत ‘पणा’ची दोन-दोन अक्षरं जुळली म्हणून यमक श्रीमंत वाटतं. सोलल्यावर ‘एकटे’ आणि ‘वेगळे’ उरतात, म्हणजे नुसता ए. उर्दू काव्यशास्त्रात या दोषाला ‘ईता’ असं नावच आहे.

मग प्रत्यय कधी चालतो? सोललेल्या भागात आधाराचं व्यंजन जुळतं तेव्हा. तुकोबांचा सगळ्यांना पाठ असलेला चरण घ्या: ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’. ‘वरी’ दोन्हीकडे प्रत्ययच आहे. तो काढला की ‘विटे’ आणि ‘कटा’ उरतात. स्वर जुळत नाही, पण ट आहे. त्या एका ट मुळे ‘विटेवरी – कटावरी’ कानात बसतं. ट काढून ‘उभे पायावरी, कर कमरेवरी’ असं म्हणून बघा, लगेच ढासळतं.

फ्रेंचमध्येही हेच झालं. तिथं ‘-ए’ने संपणारी क्रियारूपं ढिगाने आहेत, म्हणून अभिजात काव्याचा नियम असा की नुसता ‘ए’ चालणार नाही, आधीचं व्यंजन जुळलंच पाहिजे. रशियनमध्ये शब्द आघातयुक्त, म्हणजे जोर देऊन म्हटलेल्या, स्वराने संपला तर आधाराचं व्यंजन लागतंच: ‘वदा’ला (पाणी) ‘बेदा’ (संकट) चालतं, ‘रुका’ (हात) चालत नाही. जिथं शेवट स्वस्त, तिथं त्याच्या आधीचं महाग करायचं, हा हिशेब भाषा बदलली तरी सुटत नाही.

सावधान: गझल लिहिताना रदीफ, म्हणजे यमकानंतर प्रत्येक शेरात जसाच्या तसा येणारा शब्द, हे यमक नव्हे. मतल्यात (गझलेच्या पहिल्या शेरात) ‘रात होती’, ‘वात होती’ आलं आणि पुढे ‘आस होती’ लिहिलं, तर ‘होती’ जुळली आणि काफिया, म्हणजे खरं यमक, हरवला. मोठ्याने वाचताना ‘होती’ हा दोष झाकून टाकते, म्हणून रदीफेवर बोट ठेवून वाचा.

४. शब्दांचा साठा करा

आता बाराखडी चालवा. शेवट ‘आरा’ धरला तर: वारा, तारा, पारा, चारा, सारा, पहारा, सहारा, शहारा, किनारा, निखारा, इशारा, पसारा, पिसारा, निवारा, फवारा, उतारा, म्हातारा, सातारा, गोषवारा. (‘आसरा’ या यादीत येत नाही. तो ‘अरा’ आहे, तरी दर वेळी कोणीतरी घालतोच.)

यादी तशीच ठेवू नका, आधाराच्या व्यंजनानुसार गट पाडा:

त: तारा, उतारा, म्हातारा, सातारा
व: वारा, निवारा, फवारा, गोषवारा
स: सारा, पसारा, पिसारा
ह: पहारा, सहारा, शहारा

प्रत्येक शब्दापुढे तो नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण, हे लिहा. एकाच गटातले, पण व्याकरणात किंवा अर्थाच्या मुलखात लांबचे शब्द शोधा. ‘सातारा – म्हातारा’ मध्ये गाव आणि माणूस. ‘निवारा – गोषवारा’ मध्ये छप्पर आणि कचेरी. ‘सहारा – आधार’ सारखी समानार्थी माणसं शेजारी बसवून काही घडत नाही, मग ती एका यमकात असोत वा नसोत.

एक शब्द दुसऱ्याच्या पोटात असेल तर बघा की तो खरंच दुसरा शब्द आहे का. ‘वारा’ आणि ‘निवारा’ यांचं एकमेकांशी नातं नाही, म्हणून छान. ‘बारा’ आणि ‘सातबारा’ मध्ये तोच बारा पुन्हा आला आहे, म्हणून बाद. (विनोदी कवितेत मात्र सातबारा कशालाही चालतो.)

५. तेच अक्षर, वेगळा अर्थ

मराठीत असे शब्द भरपूर आहेत: मान (गळ्याची आणि आदराचा), नाव (माणसाचं आणि नदीतली), सारा (सगळा आणि शेतसारा), पार (पलीकडे आणि वडाचा), पाठ, वात, माळ, विसावा. शेवटच्याचं उदाहरण:

मोजला दगड विसावा
ना कुठे दिसे विसावा

पहिला विसावा म्हणजे एकोणीसनंतरचा, दुसरा थांबण्याचा. वाचणारा दुसऱ्या ओळीपाशी पोचेपर्यंत त्याला शंका येते की शब्द परत आला की काय, आणि मग अर्थ फिरतो.

शब्द फोडूनही हे साधतं:

सांगतात थोर कारणे
पेटतात रोज का रणे

फोड करताना दोन्ही बाजूंना व्याकरण जिवंत राहिलं पाहिजे. ‘का रणे’ हा प्रश्न म्हणून उभा राहतो. नाहीतर नुसती कसरत होते. दामयमक, पुष्पयमक ही नावं शाळेत पाठ केली असतीलच. मोरोपंतांच्या केकावलीतलं ‘घडो – पडो – झडो – नावडो’ हे पुष्पयमकाचं नेहमीचं उदाहरण, चारही तुकड्यांना एकच शेवट. ते जरा बारकाईने बघा: ‘अडो’पर्यंतच जुळतं, आधाराचं व्यंजन चारही ठिकाणी वेगळं. चार वेळा यमक आणायचं असताना पंतांसारखा यमकाचा धनीही ते सैल सोडतो, हे लक्षात घ्या.

सावधान: तोच शब्द त्याच अर्थाने परत आणणं हे समृद्ध यमक नव्हे. त्याला सबळ कारण लागतं. इटालियन कवी दान्तेने ‘पारादिसो’मध्ये ख्रिस्ताचं नाव फक्त त्याच नावाशी जुळवलं, दुसरा कोणताही शब्द त्याच्या जोडीला येऊ दिला नाही. तुमच्याकडे एवढं मोठं कारण नसेल तर दुसरा शब्द शोधा.

६. कठीण शब्द आधी, सोपा नंतर

नवखे उलटं करतात. पहिल्या ओळीत सहज सुचलेला शब्द ठेवतात आणि दुसऱ्या ओळीत यमकासाठी कुठूनतरी ओढून आणलेला. वाचणाऱ्याला तो ओढाताणीचा आवाज ऐकू येतो. क्रम फिरवा. कमी वापरातला, अनपेक्षित शब्द पहिल्या ओळीत द्या. तिथं कोणी यमकाची वाट बघत नसतं, म्हणून तो खपून जातो. साधा, रोजचा शब्द दुसऱ्या ओळीत आला की तो सहज आल्यासारखा वाटतो, आणि यमकही आपसूक पडल्यासारखं.

याचसाठी मी दुसरी ओळ आधी लिहितो. शेवट ठरवून मागे यायचं. ओळ पुढून लिहीत गेलो की शेवटी यमकाच्या दारात उभं राहून काहीतरी मागावं लागतं.

अति ओळखीची जोडी मात्र टाळा. रशियनमध्ये ‘मरोझी’ (कडाक्याची थंडी) आणि ‘रोझी’ (गुलाब) ही अस्सल समृद्ध जोडी. एक शब्द अख्खा दुसऱ्यात बसलेला. ती इतकी घासली गेली होती की पुश्किनने ‘येवगेनी अनेगिन’मध्ये थंडी पडल्याचं लिहून कंसात वाचकालाच चिमटा काढला: तू आता गुलाबाच्या यमकाची वाट बघतोयस, घे एकदाचं. आपल्याकडे ‘चंद्र’ नि ‘मंद्र’, ‘आसवे’ नि ‘काजवे’ यांची तीच गत आहे. वापरायचीच तर पुश्किनसारखं डोळे उघडे ठेवून.

७. वृत्तात बसवा

‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला एक, पण मात्रा मोजताना एकात दोन आणि दुसऱ्यात तीन. समृद्ध यमक साधलं म्हणून आनंदाने ओळ लिहाल आणि वृत्त एका मात्रेने लंगडेल. अक्षरगणवृत्तात तर जागाच बदलेल. यमकाची जोडी ठरली की दोन्ही शब्दांचे लघु-गुरू शेजारी लिहा. शेवटचे गण जुळत नसतील तर एक शब्द बदला. वृत्त वाकवायला जाऊ नका.

एका नियतकालिकाच्या मुद्रितशोधनात माझा ‘दिन’ कुणीतरी ‘दीन’ केला होता. अर्थ गेला, मात्रा वाढली, आणि दोष माझ्याच नावावर छापला गेला. तेव्हापासून असे शब्द असले की हस्तलिखितात समासात टीप घालतो.

८. गझल असेल तर मतला सैल ठेवा

मतल्यात जेवढं समान ठेवाल, तेवढ्याने पुढचे सगळे शेर बांधले जातात. ‘किनारा – मिनारा’ने सुरुवात केली की वाचकाच्या कानाने ‘इनारा’ धरला. पुढे ‘पसारा’ आला की त्याला पायरी चुकल्यासारखं होतं. म्हणून मतल्यात वेगवेगळ्या गटांतले शब्द घ्या, ‘किनारा – पसारा’, म्हणजे ‘आरा’ एवढंच बंधन राहील. मग एखाद्या शेरात वाटलं तर समृद्ध जोडी खुशाल आणा. ते बक्षीस ठरेल, कर्ज नाही.

स्वतःहून जास्त बांधून घेणारेही झाले. अबुल अला अल-मअर्री (९७३–१०५७) या सीरियातल्या अंध अरबी कवीने ‘लुझूमियात’मध्ये नियमाने लागत नसलेलं एक जादा व्यंजन अखेरपर्यंत पाळलं. अशा लिखाणाचं अरबी नावच ‘जे बंधनकारक नाही त्याचं बंधन’ असं आहे. पहिल्या दहा गझलांत तरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

९. दुसऱ्या भाषेतून आणताना

भाषांतर करणाऱ्यांसाठी एवढंच: मूळ भाषेत समृद्ध यमक हा गुण मानतात की दोष, ते आधी बघा. फ्रेंचमध्ये तो मान आहे. आजच्या इंग्रजीत आघातयुक्त स्वराआधीचं व्यंजन सारखं असलं तर कान नाक मुरडतो. ‘लीव्ह’ला ‘बिलीव्ह’ लावणं तिथं हात आखडल्यासारखं वाटतं. हे नेहमीच असं नव्हतं. जुना इंग्रजी कवी चौसर याने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत ‘शोधणे’ आणि ‘आजारी’ या अर्थांचे, उच्चाराने एकच असलेले दोन शब्द बेधडक एकाखाली एक ठेवले आहेत. तेव्हा इंग्रजी कवितेतलं साधं यमक मराठीत आणताना ते उगाच श्रीमंत करू नका, आणि फ्रेंच कविता ‘जातो – येतो’वर भागवू नका.

१०. शेवटची तपासणी

कविता रेकॉर्ड करा. एक दिवस जाऊ द्या. मग ऐकताना फक्त ओळींच्या शेवटांवर लक्ष ठेवा. त्यानंतर ती दुसऱ्या कुणाकडून, तुमच्यासमोर, पहिल्यांदाच वाचून घ्या. तो कुठं अडखळतो, कुठं हसतो, आणि कुठं शब्द परत आलाय समजून मागे जातो, ते टिपा. तिथंच काम बाकी असतं.

एक उदाहरण अथपासून इतिपर्यंत. माझीच जुनी ओळ:

पाऊस येतो, गाव भिजतो
आणि मी खिडकीत बसतो

‘भिजतो – बसतो’. ‘तो’ सोलला तर ‘भिज’ आणि ‘बस’ उरलं, म्हणजे काहीच नाही. मात्रा पहिल्या ओळीत सोळा, दुसरीत चौदा. साठ्यातला व-गट काढला: वारा, निवारा, फवारा, गोषवारा. ‘वारा’ सगळ्यात साधा, म्हणून तो शेवटी. ‘निवारा’ आधी. दुसरी ओळ आधी लिहिली, ‘पावसाने चिंब वारा’. मग मागे आलो:

शोधतो गावी निवारा
पावसाने चिंब वारा

दोन्ही ओळी गालगागा गालगागा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू). ‘शोधतो’मधला ‘तो’ आता यमकाच्या जागी नाही, म्हणून निमूट आपलं काम करतो. खिडकीत बसलेला ‘मी’ यमकाच्या नादात बाहेर गेला, आणि मला तो परत आणावासा वाटला नाही. ही द्विपदी मतला म्हणून वापरायचा मोह झाला होता. पण मग पुढचा प्रत्येक शेर ‘वारा’वर संपवावा लागला असता, आणि फवारा झाल्यावर थेट गोषवारा. पावसाळी गझलेत तो काही बसेना, म्हणून दोनच ओळी ठेवल्या.